चितार आळीतील एक दिवस

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहलीहून परत आल्यावर एकीने उभे राहून सहलीचा वृत्तांत सांगावा, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. या खेपेस ते काम अध्यक्षबाईंनी माझ्याकडे दिले. आम्ही कोठे उतरलो, काय खाल्ले आणि किती खर्च आला याचा हिशेब चिटणीसबाईंनी आधीच दिला आहे. कोल्हापुरास अंबाबाईचे दर्शन झाले तेही बहुतेकींनी ऐकले आहे. म्हणून सगळी सहल मी पुन्हा सांगत बसत नाही. त्यापुढचा एकच दिवस सांगते. तो दिवस आम्ही सावंतवाडीला कलावंतांच्या ओट्यांवर आणि अंगणांत घालविला. त्या दिवसावरून आपल्या शिरूरसाठी एक गोष्ट मनात आली आहे, ती शेवटी आपल्यापुढे ठेवीन. पटली तर घ्यावी, न पटली तर सोडून द्यावी.

निघण्यापूर्वी एका भगिनीने विचारले होते, "लोकांच्या घरात डोकावून काय पाहायचं? वस्तू हवी तर दुकानात मिळते." प्रश्न रास्त आहे. दुकानात वस्तू मिळते खरी, पण ती पुसून, कागदात गुंडाळून आलेली असते. ती कोणी केली, किती दिवसांत केली, करताना पाठ किती भरून आली, हे त्या कागदात गुंडाळलेले नसते. ते पाहावयाचे तर काम चालू असतानाच गेले पाहिजे. परदेशात कित्येक ठिकाणी यासाठी वर्षातले दिवस नेमलेले असतात. अमेरिकेत व्हरमाँट नावाचे एक डोंगराळ राज्य आहे. तेथे ठरलेल्या शनिवारी-रविवारी चित्रकार, कुंभार, विणकर आपल्या कामाच्या जागा सर्वांना खुल्या ठेवतात आणि लोक हातात नकाशा घेऊन या गावाहून त्या गावाला हिंडतात. आपल्याकडे असा दिवस नेमण्याची गरज कधी पडली नाही. कुंभाराचे चाक अंगणात, सुताराचा रंधा ओसरीवर, आणि कासाराची पेटी तर आपल्याच दारात येऊन उघडायची. जाणाऱ्याने थांबायचे, एवढेच. सावंतवाडीची चितार आळी ही अजून तशी राहिलेली जागा आहे.

आम्ही अकरा जणी होतो. आजऱ्याहून पुढे आंबोलीला पोहोचलो तेव्हा दिवस नुकता वर आला होता आणि दरीत धुके भरलेले होते. आपण बालाघाटच्या डोंगराखालच्या बायका. आपल्याकडचा डोंगर उघडा, खडकाळ, गवताचा. सिंदफणेला पाणी आले की आपल्याला केवढे वाटते! तेथे सह्याद्री उतरताना दोन्ही अंगांनी नुसती झाडी. घाट संपला की तळाशी डोंगराच्या कुशीत सावंतवाडी आहे. गावाच्या मधोमध मोती तलाव, एका बाजूला नरेंद्र डोंगर, आणि तळ्याकाठी जांभ्या दगडाचा तांबडा राजवाडा. गाव मोठे टुमदार आहे, पण त्याचे वर्णन करीत बसत नाही. आमचे काम राजवाड्यात होते.

तुम्ही म्हणाल, राजवाड्यात कलावंत कसे? तर राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच ते बसतात. जेथे एके काळी मुजरे झाले असतील तेथे आता खाली बैठक घालून, पुढे बुटके पाट घेऊन, माणसे मान खाली घालून रंगकाम करतात. आणि काम कसले? तर पत्त्यांचे! पण हे आपले चौकटचे-बदामचे पत्ते नव्हेत. यांना गंजिफा म्हणतात. पाने वाटोळी असतात, आपल्या पुरीएवढी. हा खेळ इराणकडून आपल्याकडे आला. बाबर बादशहाने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगलांच्या गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने असत. आपल्या लोकांनी तो खेळ घेतला आणि त्यात देव आणून बसविले. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एकपासून दहापर्यंत दहा पाने. अशी बारा दाही १२० पाने होतात. तिघे जण खेळावयास बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवे, परशुरामाच्या पानावर परशू, अशी चिन्हे काढलेली असतात. अक्षर न येणाऱ्यालाही पान ओळखता येते.

खेळाचे नियमही ऐकण्यासारखे आहेत. दिवसा खेळ मांडला तर रामाच्या पानापासून सुरुवात, रात्री मांडला तर कृष्णाच्या पानापासून. पहिल्या पाच अवतारांत राजा आणि प्रधान यांच्या खाली दश्शी मोठी, तर पुढच्या पाचांत एक्का मोठा. हे ऐकून आमच्यातल्या एक काकू लगेच म्हणाल्या, "म्हणजे पाच घरांत सासूचं चालतं आन पाच घरांत सुनेचं!" तेथे काम करणारी मुलगी इतकी हसली की तिने कुंचला बाजूला ठेवला.

पान तयार करण्याची रीत तिने समजावून सांगितली. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवीत. वाळले की गुळगुळीत दगडाने घोटून घोटून कडक करीत आणि मग गोल कापीत. आता कागदही वापरतात. त्यावर पांढरा हात, मग जमिनीचा रंग, मग काठ, मग आतले चित्र, आणि शेवटी वरून लाखेचा हात. मी तेथे बसल्या बसल्या हिशेब केला. एका पानाला नुसता सहा वेळा हात लागला असे धरले, तरी १२० पानांना ७२० वेळा हात लागला. त्यातही राजाच्या पानावर सिंहासन आणि चवऱ्या ढाळणारे सेवक असतात, ते निराळेच. सगळे पुरीएवढ्या जागेत.

ही कला आज आम्हांला दिसली यामागे एक हकिगत आहे. छापील पत्ते स्वस्त मिळू लागले तेव्हा गंजिफा खेळणारे कमी झाले. खेळणारे गेले, तसे घेणारे गेले, आणि घेणारे गेल्यावर करणारे तरी कशासाठी करतील? १९७० च्या सुमारास वाडीत पुंडलिक चितारी नावाचे एक वृद्ध कलावंत काय ते ही विद्या जाणणारे उरले होते. त्या वेळी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी या पतिपत्नींनी काय केले असेल? त्यांनी त्या वृद्धाचा सत्कार केला, शाल दिली आणि सोडून दिले, असे नाही. ते स्वतः त्यांच्याजवळ ती कला शिकावयास बसले. मग गावातल्या मुलांना शिकविले आणि काम करावयास दरबार हॉल मोकळा करून दिला. शिवरामराजे १९९५ साली गेले, सत्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, पण काम थांबलेले नाही. घराण्यातल्या पुढच्या पिढीने ते चालू ठेवले आहे. राणी झालेली बाई एका कारागिरापुढे शिष्य म्हणून बसली, ही गोष्ट मला राजवाड्याच्या खांबांपेक्षा मोठी वाटली.

आता किमतीची गोष्ट. ती सांगितली नाही तर वृत्तांत खोटा होईल. विक्रीला ठेवलेली पाने आणि डब्या आम्ही पाहू लागलो. किमती लिहिलेल्या होत्या. त्याच काकू म्हणाल्या, "बया बया! एवढुशा चकतीला एवढे पैसे? जरा कमी कर की गं." ती मुलगी रागावली नाही. म्हणाली, "मावशी, घाई नसेल तर बसा दहा मिनिटं. हे पान होताना बघा." काकू मांडी घालून बसल्या. तिने एका पानाचा काठ रंगवावयास घेतला. एका केसाएवढी रेघ, तिच्या आत दुसरी रेघ, मध्ये ठिपके. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. ठिपके अर्ध्या गोलापर्यंत आले होते. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. उठताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "माझ्या गोधडीचा काठ असाच जीव खातो." आणि लिहिलेली किंमत मोजून त्यांनी एक पान घेतले. ते पान त्यांनी आज सभेला आणले आहे, सर्वांनी अवश्य पाहावे.

राजवाड्यातून निघून आम्ही चितार आळीत गेलो. ही लाकडी कामाची आळी. दोन्ही बाजूंना दुकाने, आणि कित्येक ठिकाणी दुकानाच्या मागेच किंवा ओट्यावरच काम चाललेले. पांगारा, शिवण, आंबा अशा झाडांचे लाकूड वापरतात. पांगाऱ्याचे लाकूड हलके असते, म्हणून ते मुलांच्या खेळण्यांना बरे. लाकडाची फळे तर अशी की एका भगिनीने सीताफळ दाबून पाहिले! केळी, आंबे, मिरच्या, वांगी, सगळी टोपलीत मांडलेली. आणि भातुकली! पोळपाट-लाटणे, जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, चूल, सगळे बोटभर उंचीचे. आपल्या नातींना जाते म्हणजे काय हे आता भातुकलीतच दिसणार, असे मनात आले आणि जरा कसेसे झाले.

एका ओट्यावर एक वयस्क गृहस्थ कातावर काम करीत होते. त्यांनी "येवा, बसा" म्हणून आम्हांला बसविले. गरगर फिरणाऱ्या लाकडावर त्यांनी रंगीत लाखेची कांडी टेकविली. घर्षणाने लाख तापते, मऊ होते आणि लाकडावर पसरते. नंतर केवड्याचे पान घेऊन त्यावर दाबून धरले, तशी लाकडाला आरशासारखी चकाकी आली. आपण केवडा वेणीत माळतो, गौरीपुढे ठेवतो, पण त्याच्या पानाने लाकूड उजळते हे मला नवीन होते. पलीकडे त्यांच्या घरातल्या दोघी जणी फळांवर रंगाचे हात देत होत्या. मी त्या गृहस्थांना विचारले, "या किती वर्षांपासून काम करतात?" ते म्हणाले, "लग्न होऊन आल्यापासून." मी विचारले, "मग पाटीवर यांचे नाव?" ते हसले. पाटीवर त्यांच्या वडिलांचे नाव होते. त्या दोघींपैकी एक मान वर न करता म्हणाली, "नाव कशाला, रंग ओळखतात लोक." हे तिने अभिमानाने म्हटले की दुसऱ्या कशाने, ते मला कळले नाही. पण तिच्या आंब्यावरची लाली पाहण्यासारखी होती, एवढे खरे.

दुपारी सोलकढी-भात जेवून आम्ही कुडाळजवळच्या पिंगुळी गावी गेलो. तेथे ठाकर समाजाची वस्ती आहे. या लोकांजवळ चित्रकथी नावाची कला आहे. चित्रकथी म्हणजे सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगविलेले असतात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवितात, म्हणजे दोन्ही बाजूंना चित्र होते. एका कथेच्या सगळ्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि गाऊन कथा सांगतो, साथीदार वाद्ये वाजवितात. सावंतवाडीच्या राजांच्या आश्रयाने देवळांतून या कथा होत असत. त्याच लोकांजवळ कळसूत्री बाहुल्या आहेत, आणि पडद्यामागे दिवा लावून सावल्या नाचविण्याच्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत. सिनेमा आला, दूरदर्शन आले, तेव्हा या कथांना कोण विचारतो? चित्रे जीर्ण झाली. पोथी पवित्र मानलेली असल्यामुळे फाटकी चित्रे पाण्यात सोडण्याची रीत होती. तशी किती गेली असतील ते देव जाणे.

तेथल्या परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्याजवळची चित्रे आणि बाहुल्या जपून ठेवल्या. त्या ठेवावयास जागा पाहिजे म्हणून घरचा गुरांचा गोठा रिकामा केला आणि त्याचेच संग्रहालय केले. त्याचे नाव ठाकर आदिवासी कला आंगण. हे काम २००६ सालचे. पुढे २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण सगळ्या गोठा झाडलेल्या बायका. गोठा रिकामा करणे म्हणजे घरचे दूध कमी करणे, हे आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. आता लोक लांबून ते अंगण पाहावयास येतात. आमच्यापुढे त्यांच्या मंडळींनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ केला. दोऱ्या वर एका माणसाच्या बोटांत, आणि खाली बाहुली मान वेळावते, हात जोडते. आमच्यातल्या दोघी-तिघींच्या डोळ्यांना पाणी आले. खेळ संपल्यावर बाहुली खुंटीला टांगली, तेव्हा ती पुन्हा नुसते लाकूड आणि कापड झाली.

भगिनींनो, दिवस एवढाच. संध्याकाळी आम्ही गाडीत बसलो. घाट चढताना सगळ्या जणी दमून गप्प होत्या, पण माझे मन काही गप्प बसेना. तीन ठिकाणी तीन कला पाहिल्या. तिन्ही बुडण्याच्या काठावर आलेल्या किंवा रेटून धरलेल्या. एक वाचली, कारण कोणीतरी शिकावयास बसले. एक टिकली आहे, कारण घरातली माणसे, नाव असो वा नसो, रोज कामाला बसतात. आणि एक वाचली, कारण एका माणसाने आपले दार उघडले आणि गोठा दिला. "जुने ते सोने गेले हो" असे म्हणत बसल्याने यातली एकही वाचली नसती.

दुसरा विचार भावाचा. भाव करणे हा आपला बायकांचा हातखंडा आहे आणि त्यात लाज मानण्याचे कारण नाही. संसाराचा रुपया ताणून वापरावा लागतो. कापडाच्या दुकानात, भांड्यांच्या दुकानात खुशाल भाव करावा. तेथला मालक आपल्याहून हुशार असतो. पण जेथे करणारी बाई स्वतः सुई किंवा कुंचला हातात धरून समोर बसली आहे, तेथे आपण दहा रुपये कमी करतो म्हणजे काय कमी करतो? माल तर तेवढाच राहतो. कमी होते ती तिच्या वेळेची किंमत. आणि वेळेला किंमत न मिळणे काय असते, हे आपल्याहून जास्त कोणाला ठाऊक आहे? पहाटेपासून रात्रीपर्यंत आपले हात चालतात आणि जनगणनेचा माणूस आला की घरातले सांगतात, "ती काही करत नाही, घरीच असते."

आपल्या तालुक्यातले उदाहरण घ्या. दिवाळी झाली की शेकडो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यामागे मिळते आणि ती घेतो नवरा. बाईने तोडलेला, मोळी बांधून डोक्यावर वाहिलेला ऊस निराळा मोजत नाहीत. तीच बाई पाल ठोकते, भाकरी थापते, पोर सांभाळते. तिचे नाव कोणत्या पाटीवर आहे? चितार आळीतल्या त्या दोघींना तरी "रंग ओळखतात लोक" असे म्हणता येते. आमच्या कोयतेवाल्या बाईचा ऊस कोण ओळखणार?

पण एक वस्तू अशी आहे की जिच्यावर तिचा हात ओळखू येतो. ती म्हणजे गोधडी. ऊसतोडीला निघताना गाडीवर पहिली गोधडी चढते. जुनी लुगडी, धोतरे, पोरांचे सदरे अंथरून, थरावर थर देऊन, चारी बाजूंनी ओणवे बसून आपण धावदोरा घालतो. कोणाचे टाके तांदळासारखे बारीक, कोणाचे ज्वारीसारखे. आपल्या गल्लीत तरी टाका पाहून गोधडी कोणाची हे सांगता येते. शिवाय आपल्याकडच्या तांड्यांवर बंजारा भगिनी आरसे आणि कवड्या लावून जे भरतकाम करतात, ते पाहावयास शहरातली माणसे प्रदर्शनाचे तिकीट काढतात आणि आपण तांड्याच्या रस्त्याने जाऊनही ते पाहिलेले नसते. आपल्या गावाच्या नावात तर कासार हा शब्दच आहे. बांगड्या भरणारा, तांब्या-पितळेची भांडी विकणारा तो कासार. ज्या गावाने कारागिराचे नाव आपल्या नावात धरले, त्या गावाने कारागिराला विसरावे का?

विसरल्यावर काय होते तेही आपल्याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. बीड शहर एके काळी चामड्याच्या छागलांसाठी आणि गुप्त्यांसाठी नावाजलेले होते. छागल म्हणजे प्रवासात पाणी गार ठेवण्याची पिशवी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत बीडच्या या मालाची नोंद आहे. आज आपल्यापैकी किती जणींनी बीडची छागल पाहिली आहे, हात वर करा पाहू! एकही नाही. बाटली आली, छागल गेली. बाटली येऊ नये असे मी म्हणत नाही. पण ती चामड्याची शिवण कोणत्या हातांत होती, ती पाणी कशी झिरपू देत नसे, हे बसून कोणी शिकून ठेवले असते तर?

आता माझी सूचना. आपल्या मंडळाने वर्षातून एक दिवस शिरूरची दारे उघडावीत. ज्या घरात गोधडी शिवतात, भरतकाम करतात, टोपल्या विणतात, पापड-कुरडयांची नक्षी घालतात, त्या घरांनी त्या दिवशी काम ओसरीवर मांडावे आणि बाकीच्यांनी हिंडून पाहावे. दिवस मी विचार करून सुचविते. ऊसतोडीची मंडळी पाडव्याच्या पुढे-मागे परततात. त्या आधी दिवस धरला तर ज्यांचे काम पाहावयाचे त्याच गावात नसणार. म्हणून अक्षय्य तृतीयेच्या नंतरचा रविवार ठरवावा. उन्हे कडक असतात, तेव्हा सकाळी सात ते अकराच.

त्या दिवसाचे चार नियम असावेत. पहिला, दारावर करणाऱ्या बाईचे स्वतःचे पूर्ण नाव लिहावे. अमक्याची आई किंवा तमक्याची सून असे लिहू नये. दुसरा, वस्तूजवळ तिला किती दिवस लागले ते लिहावे आणि किंमत तिनेच ठरवावी. त्या दिवशी कोणी भाव करू नये. तिसरा, दया म्हणून कोणी काही घेऊ नये. हवे असेल तर गोधडीचे काम सांगावे आणि अर्धे पैसे आधी द्यावेत, म्हणजे दोऱ्यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. चौथा, शाळेतल्या मुलींनी वह्या घेऊन हिंडावे आणि एकेक काम कसे करतात ते विचारून लिहून ठेवावे. ती वही आपल्या मंडळात राहील.

यावर मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्या दोन शंका आहेत. पहिली, "शिरूरला कोण येणार? आपल्याकडे ना तळे ना राजवाडा." बाहेरचे कोणी न आले तरी चालेल. वरच्या गल्लीतल्या बायकांनी खालच्या गल्लीतले काम पाहिलेले नाही, गावाने तांड्याचे पाहिलेले नाही. आधी आपण एकमेकींकडे जाऊ. दुसरी शंका, "गोधडी ही काय कला? ती तर गरिबीची वस्तू." गंजिफा हा घटकाभराचा खेळच होता. भातुकली पोरींची. चित्रकथी रात्री देवळात बसून ऐकायची. करणाऱ्यांनी त्यांना कला म्हणून कधी मिरविले नाही, नीट केले एवढेच. गोधडी गरिबीतून आली हे खरे, पण निळ्या लुगड्याशेजारी पिवळा तुकडा कोठे बसवायचा हे काही गरिबी शिकवीत नाही. ते तिच्या नजरेने ठरते.

काही घरांतून पुरुषमंडळी नाही म्हणतील, दारावर बायकोचे नाव कशाला असे विचारतील, हेही मला ठाऊक आहे. त्यांच्याशी वाद घालू नये. त्या रविवारी त्यांनाच चहाला बोलवावे आणि पंधरा मिनिटे एक काठ शिवताना पाहावयास बसवावे. आमच्या काकूंना जे दहा-पंधरा मिनिटांत कळले ते त्यांना कळणार नाही असे नाही.

ज्या भगिनींना आपले दार उघडावयाचे असेल त्यांनी पुढच्या सभेपर्यंत चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. यादीतले पहिले नाव आमच्या सहलीतल्या त्या काकूंनी आजच दिले आहे आणि काठाची गोधडी शिवावयास घेतली आहे.